आईचा निळा दोरा आणि दाराचं वॉर्निश

लातुरात गळाच्या काठीला कोणतं वॉर्निश लावावं असं विचारत फिरणारा माणूस बहुधा मी पहिलाच असेन. रंगाच्या दुकानदारानं आधी मला स्टूल दिलं, मग पाणी दिलं आणि मग काळजीच्या आवाजात विचारलं, "काठी म्हंजे, म्हाताऱ्या माणसाची का?"

"म्हाताऱ्या माणसाचीच. पण मासे धरायची."

"लातुरात?"

ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावच्या माणसानं असं विचारणं रास्तच होतं. मी त्याला सांगितलं की मासे नांदेडला आहेत, गोदावरीत. काठी फक्त दुरुस्तीला इकडे आली आहे. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण त्यानं तीन डबे काढून समोर ठेवले.

काठी माझ्या वडिलांची. बाबा लोह्याकडच्या एका शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर नांदेडला घर बांधून राहिले आणि तेव्हापासून दिवसाआड सकाळी नदीवर जाऊन बसायला लागले. काठी त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली. भरीव कळकाची, दोन तुकड्यांची, जोडाला पितळी नळी. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवायला पाच कड्या, आणि प्रत्येक कडीचे दोन्ही पाय काठीवर दाबून त्यावर दोरा गुंडाळलेला, वेढ्याला वेढा असा चिकटून की मधे नख जाऊ नये. मुठीच्या जरा वर, जिथे अंगठा टेकतो, तिथे दोऱ्याचा आणखी एक बोटभर पट्टा होता. तिथे कडी नव्हती, म्हणून तो शोभेचा आहे असं मी धरून चाललो होतो.

दोरा निळा होता. निळाच का, हे आमच्या वस्तीत कुणी विचारलं नसतं. आई शिवणकाम करायची आणि दर वर्षी जयंतीचे झेंडे आमच्याच घरी शिवले जायचे. मार्च लागला की घरात निळं कापड पसरलेलं असायचं आणि जेवताना भाकरीवरसुद्धा निळे धागे सापडायचे. झेंड्यांतून उरलेला दोरा काठीला जायचा. काठी बाबा धरायचे, दोरा आई गुंडाळायची, कारण बाबांच्या वेढ्यात फट राहते असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या पत्र्याच्या डब्यात त्या दोऱ्याचं एक रीळ शिल्लक होतं, तेही निम्मं.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबा घाटाच्या पायऱ्यांवरून घसरले. "शेवाळ लई झालंय," एवढंच म्हणाले. हाड वाचलं, पण काठीच्या दोन कड्या उखडल्या, दोरा जागोजाग उसवला आणि जुन्या वॉर्निशचे पापुद्रे निघाले. माझी मोठी बहीण नांदेडलाच दोन गल्ल्या सोडून राहते, पंचायत समितीत नोकरीला आहे. तिनं त्याच संध्याकाळी नदी बंद केली. बाबांनी कुरकुर केली, जेवण कमी केलं, शेजाऱ्यांना मधे घातलं. शेवटी अक्का म्हणाली, "आधी काठी नीट होऊ द्या, मग बघू."

ती असं का म्हणाली ते मला पुढे कळलं. काठी माझ्याकडे येणार हे तिला ठाऊक होतं, आणि माझ्या कामाचा वेगही तिला लहानपणापासून ठाऊक होता. थोडक्यात, बाबांचं नदीवर जाणं काठीवर अडलं होतं आणि काठी माझ्यावर.

नदीवाचून बाबांचे हाल होत होते. दिवसभर ओसरीवर बसून राहायचे. पेपर त्यांनी वर्षभरापूर्वीच बंद केला होता. वाचण्यासारखं त्यात काही राहिलं नाही, असं म्हणायचे. मी रविवारी फोन केला की पहिला प्रश्न एकच असायचा.

"वाळलं का?"

"अजून लावलंच नाही, बाबा."

"कवा लावतूस मग?"

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तीस वर्षं काचेची भांडी पुसून आणि मुलांसाठी प्रयोग मांडून माझी एक खोड पक्की झाली आहे: करून बघितल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही. घरात नवीन कुकर आला तेव्हाही मी शिट्ट्यांची वेळ घड्याळ लावून लिहून ठेवली होती. बायकोनं तो कागद अजून जपून ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला.

तर मी कळकाचे वीतभर लांबीचे आठ तुकडे कापले, त्यांना नंबर दिले आणि वहीत तक्ता आखला. पाण्यात काय होतं, उन्हात काय होतं, वाकवल्यावर काय होतं आणि रंग टिकतो का, असे चार रकाने. प्रश्न राहिला दोऱ्याचा. आईचं रीळ निम्मंच होतं, काठीला जेमतेम पुरेल एवढं. तो दोरा प्रयोगात घालवायचा नाही हे मी ठरवलं आणि शिलाईच्या सामानाच्या दुकानातून अगदी तसाच निळा दोरा आणला. उजेडात, सावलीत, ट्यूबलाइटखाली दोन्ही दोरे शेजारी धरून पाहिले, तिळमात्र फरक नव्हता. आपण किती जपून वागतो याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं.

पहिला तुकडा मी आमच्या गल्लीतल्या फर्निचर पॉलिशवाल्याकडे नेला. तो चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं घासतो. म्हणाला, "आरसा करून देतो, सायेब." आणि खरंच दिला. घरी आणून मी तो बादलीत बुडवला. दुसऱ्या दिवशी आरशावर ताकासारखी पांढरी साय धरली होती. त्याहून मोठी अडचण अशी की बादली प्यायच्या पाण्याची निघाली.

बायको म्हणाली, "आठ दिवसांनी नळ येतो न् तुम्ही त्यात काड्या भिजवून ऱ्हायले?"

मी तिला काठीचं, बाबांचं आणि नदीचं महत्त्व सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून बिनरंगाच्या नेलपॉलिशची बाटली काढून माझ्या हातात दिली. "हे लावा. माझ्या नखांवरचं भांडी घासून बी निघत न्हाई." नेलपॉलिश पाण्यात टिकलं, उन्हात टिकलं, आणि काडी वाकवल्याबरोबर कोरड्या तळ्यासारखं तडकलं. मासा लागल्यावर काठी वाकते, नखं वाकत नाहीत, हे मी तिला समजावलं. तिनं बाटली परत घेतली.

मग दोन नळ्यांतलं मिसळायचं, काचेसारखं घट्ट होणारं ते रसायन. ते मला मनापासून आवडलं. दोऱ्यावर भिंगासारखा जाड थर बसायचा आणि खालचे वेढे एकेक मोजता यायचे. पण गच्चीवर पंधरा दिवस ठेवल्यावर ते म्हशीच्या तुपासारखं पिवळं पडलं. मी दोन दिवस त्याच्या बाजूनं स्वतःशी भांडलो आणि हरलो.

राहिलं दाराला लावतात ते साधं वॉर्निश. थोडं पातळ करून, एकावर एक तीन हात. पाण्यात काही झालं नाही, उन्हात काही झालं नाही, वाकवलं तर दोऱ्याबरोबर वाकलं, आणि निळा जसा होता तसाच राहिला. दुकानदारानं पहिल्याच दिवशी तीन डब्यांतून हेच पुढे केलं होतं. शिवाय एक सल्लाही दिला होता: "आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या. दोरा वॉर्निश पीत न्हाई मग, रंग टिकतो." मी तेही एका तुकड्यावर करून पाहिलं. गोंद लावलेला आणि न लावलेला, दोन्ही सारखेच निळे. वहीत मी लिहिलं, "गोंद अनावश्यक." खाली रेघसुद्धा ओढली.

या सगळ्यात अडीच महिने गेले. नांदेडहून फोनवर "वाळलं का?" चालूच होतं.

जुना दोरा मी ब्लेडनं सोडवला आणि आईचं रीळ काढलं. दोन शनिवार-रविवार गुंडाळत बसलो. सुरुवातीचं टोक वेढ्यांखाली दाबायचं, शेवटचं टोक फाशातून ओढून आत घ्यायचं, म्हणजे कुठेही गाठ दिसत नाही. मी लहान असताना आईच्या समोर बसून पाहिलेलं बोटांना आठवत होतं. वेढे चांगले बसले. बाबांपेक्षा चांगले, आईपेक्षा थोडे कमी. मुठीवरचा शोभेचा पट्टा गुंडाळेपर्यंत रीळ संपलं. लाकडी रिळावर दोरा उरला तो वीतभर.

पुढच्या रविवारी सकाळी मी पत्र्याच्या दोन डब्यांना खाचा पाडून त्यावर काठी आडवी ठेवली आणि मऊ ब्रशनं पहिला हात फिरवला.

निळा गेला.

हळूहळू गेला असंही नाही. ब्रश पुढे सरकेल तसा मागचा दोरा काळपट हिरवा होत होता आणि बघता बघता काळा. वाळल्यावर परत येईल असं मी स्वतःला सांगितलं. दर पंधरा मिनिटांनी काठी फिरवत दुपारपर्यंत तिथेच बसलो, वॉर्निशचा ओघळ एका बाजूला येऊ नये म्हणून. वाळल्यावर ते चकचकीत काळं दिसायला लागलं.

आईचा दोरा सुती होता. दुकानातला नव्या तऱ्हेचा, प्लॅस्टिकच्या जातीचा. सुती दोरा वॉर्निश पितो, दुकानातला पीत नाही. दर वर्षी जुलैत मी मुलांसाठी केशाकर्षणाचा प्रयोग मांडतो. त्यात सुती वात रंगीत पाण्यात टाकतात आणि पाणी कसं वर चढतं ते दाखवतात. तीस वर्षं मी ती वात कापतोय. जो दोरा जपायचा म्हणून मी प्रयोगापासून लांब ठेवला, तेवढा एकच दोरा तपासायचा राहिला होता.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दुसरं रीळ नव्हतं आणि ते वापरणारी बाईही नव्हती. बायको येऊन उभी राहिली, तिनं काठीकडे पाहिलं, आणि माझ्यासमोर चहा ठेवून गेली. अर्धवट सोडून उपयोग नव्हता, म्हणून पुढच्या दोन रविवारी उरलेले दोन हात दिले. जाड दिले, चुकीची भरपाई म्हणून. काम दिसायला अप्रतिम झालं. फक्त काळं झालं.

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायला एसटीला साडेतीन तास लागतात. कापडी पिशवीतली काठी दोन सीटांमध्ये उभी धरून मी बाबांना सांगायचं वाक्य घोकत होतो. सुती, केशाकर्षण, माझी चूक, या क्रमानं. अहमदपूरपर्यंत वाक्य मोठं होत गेलं आणि लोह्यानंतर "बाबा, चुकलं" एवढंच उरलं.

बाबा ओसरीवर होते. मी काठी जोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोलून बघितली, पितळी नळी फिरवून बघितली, मग एकेका कडीवरून बोट नेत शेंड्यापर्यंत गेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "निळा कसा उठून दिसायलाय बघ. तुझ्या आईचाच रंग हाय ह्यो."

आधी मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतायत. पण बाबांनी कधी कुणाचं मन राखलेलं नाही. एका अनुस्वारासाठी त्यांनी स्वतःच्या मुलाचा अर्धा मार्क कापला होता आणि तो मुलगा मी होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. काठी त्यांच्या मांडीवर होती आणि ते हसऱ्या चेहऱ्यानं माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे पाहत होते.

मग बंद केलेला पेपर आठवला. घाटावरचं शेवाळ आठवलं, ज्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. घसरायच्या आधीच्या दिवाळीत "तुला बी शिकाया पायजे" म्हणत त्यांनी गळ माझ्याकडून बांधून घेतला होता, तोही आठवला. मला शिकवायची हौस त्यांना अचानक सत्तरीनंतर का आली, याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं. तक्ता मी तिथेही आखायला हवा होता.

तेवढ्यात अक्का डबा घेऊन आली. पायरीवरूनच म्हणाली, "काळा कशाला गुंडाळलास रे? आईचा निळा होता की डब्यात."

काठीवरचा बाबांचा अंगठा थांबला.

"आईचाच आहे," मी म्हणालो. "वॉर्निशनं काळा पडला. चूक माझी."

अक्का "तुझ्यावर सोपवलं की आसंच" असं काहीतरी बोलत आत गेली. बाबांनी तिची पावलं आत जाईपर्यंत ऐकली. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "लई काळा झालाय का?"

"हाव."

"अक्काला सांगू नको."

दोऱ्याबद्दल ते बोलत नव्हते.

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, तिच्या ऑफिसच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती बाकड्यावर बसली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मी त्यांना रोज भाजीत मीठ बराबर हाय का विचारते. दिसतं का हे कवा विचारलंच न्हाई." डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा म्हणाले आणि दिवसातून दोनदा टाकायचे थेंब दिले. उजव्या डोळ्यानं आता फक्त उजेड कळतो, डाव्यानं थोडंफार.

बाबांनी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. फोनवर "हाव" आणि "न्हाई", बस. "वाळलं का?" ची मला इतकी सवय झाली होती की ते ऐकू येईना म्हणून करमत नव्हतं.

निकाल अक्कानंच दिला. "दर रविवारी. तू सोबत असशील तर. तू न्हाई आलास तर काठी माझ्या घरी." बाबांची नदी बंद करायला तिला माझी संथ चाल कामी आली होती, आता चालू ठेवायलाही मीच कामी आलो. मी शनिवारच्या एसटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, कुकरच्या कागदाशेजारी.

पहिल्या रविवारी बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून घाट उतरले. एकवीस पायऱ्या, शेवाळ कुठेच नव्हतं. ते आपल्या नेहमीच्या दगडावर बसले. गळ मी बांधला, कणकेची गोळी त्यांनी लावली. मनगटाच्या एका झटक्यात तंगूस पाण्यावर गेली आणि तिला बांधलेली, मासा लागला की बुडणारी मोरपिसाची नळी नेमकी जिथे पडायची तिथे पडली. मी नळीवर डोळा ठेवून बसलो. ती दोनदा बुडाली, दोन्ही वेळा मी "बाबा!" म्हणेपर्यंत गोळी गेलेली होती. बाबांना माझ्या आधी कळायला हवं होतं. नजर जात असतानाही दोन वर्षं कुणाच्या मदतीशिवाय त्यांनी घरी मासे आणले होते. ते अस्वस्थपणे मुठीवर अंगठा फिरवत होते.

"तू लई गुळगुळीत केलंस," शेवटी म्हणाले. अबोल्यानंतरचं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. "हितं दोरा लागायचा हाताला. मासा तोंड लावला की दोऱ्यात कळायचं. आता काचच हाय नुसती."

तो शोभेचा पट्टा. वहीतल्या चार रकान्यांत हाताला कसं लागतं हा रकाना नव्हता, आणि सगळ्यात जाड हात मी तिथेच दिले होते.

माझ्या पिशवीत बारीक पॉलिश पेपर असतो, तीस वर्षांची सवय. मी काठी मांडीवर घेतली, पेपर नदीत बुडवला आणि पट्ट्यावर हलक्या हातानं घासायला लागलो. जोरात घासलं तर दोराच तुटेल आणि मग आईचं काहीच उरणार नाही, म्हणून दर चार-पाच हातांनी थांबून बोट लावून बघत होतो. चकाकी गेली. मग वरची काच गेली. मग बोटाखाली एकेक वेढा जागा व्हायला लागला, खरबरीत, शेजारी शेजारी, आईच्या हातून बसायचा तसा. मी पट्टा पाण्यानं पुसून काठी परत दिली.

"रंग?" बाबांनी विचारलं.

"काळाच आहे."

"आसू दे."

त्यांनी अंगठा पट्ट्यावर ठेवला आणि खालून वर सावकाश नेला, मग वरून खाली. मोरपीस पाण्यावर उभं होतं. बाबांचा अंगठा मधेच एका वेढ्यावर थांबला आणि तिथेच राहिला.

"हां," ते म्हणाले. "आता दिसला."